४० मीटरचा ट्रान्सीव्हर किट: टप्प्याटप्प्याने जोडणी आणि ट्यूनिंग

जुळे सोलापूरहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: हौशी रेडिओच्या ४० मीटर (७ मेगाहर्ट्झ) बँडवर बोलायचा-ऐकायचा, बिटएक्स धाटणीचा एसएसबी (एकच साइडबँड पाठवणारा) ट्रान्सीव्हर सुट्या भागांच्या किटमध्ये मागवला आहे. हौशी रेडिओचा रिस्ट्रिक्टेड ग्रेडचा परवाना हातात आहे, डाख देता येतो, मल्टिमीटर आहे, ऑसिलोस्कोप नाही. ओळखीतल्या एकाने असाच किट एका बैठकीत जोडून बटण दाबले, तर पॉवर ट्रान्झिस्टर उडाला आणि रिसीव्हर मुकाच राहिला. आपले तसे होऊ नये म्हणून काय करावे?

एका बैठकीत जोडला, तिथेच घोटाळा झाला. सगळा बोर्ड भरून झाल्यावर तीन चुका एकत्र निघाल्या, तर कुठली कशामुळे हे अनुभवी माणसालाही लवकर कळत नाही. ट्यूनिंग हे जोडणी संपल्यावर करायचे काम समजू नका. एक टप्पा जोडा, त्याला वीज द्या, मोजा, ऐका, आणि तो बोलता झाला की मगच पुढच्या टप्प्याचे भाग पाकिटातून काढा. ऑसिलोस्कोपवाचून अडत नाही. डमी लोडवाचून, म्हणजे अँटेनाच्या जागी लावायच्या ५० ओहमच्या रेझिस्टरवाचून, मात्र अडते.

हैदराबादच्या अशहर फरहान यांनी २००३ च्या सुमारास मांडलेल्या या रचनेतली सोयीची गोष्ट म्हणजे मधले अँप्लिफायर, मिक्सर आणि क्रिस्टल फिल्टर दोन्ही दिशांनी वापरले जातात. ऐकताना सिग्नल डावीकडून उजवीकडे, बोलताना उजवीकडून डावीकडे. म्हणजे रिसीव्हर चोख लागला की ट्रान्समीटरचे निम्म्याहून जास्त काम झालेले असते. ट्रान्समिटला हात लावायची घाई नको, ती यासाठी.

आधी सामानाचे पाहू. २५ वॅटची डाखणी, बारीक टोकाची, आणि ६०/४० ची पातळ सोल्डर वायर. जुनी जाड वायर आणि डब्यातली पेस्ट बाजूला ठेवा. ती पेस्ट बोर्डावर राहिली तर पुढे गंज धरते. डमी लोड घरीच करा: १ किलोओहमचे, २ वॅटचे मेटल ऑक्साइड रेझिस्टर २० नग पॅरलल जोडले की ५० ओहम आणि ४० वॅट. वायर-वाउंड रेझिस्टर चालत नाहीत, कारण ते स्वतःच कॉइल असतात आणि ७ मेगाहर्ट्झला ५० ओहम राहत नाहीत. १एन ६० सारखा जर्मेनियम डायोड आणि ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मल्टिमीटरला जोडून आरएफ प्रोब, म्हणजे रेडिओ फ्रिक्वेन्सीचे व्होल्टेज मोजायचे साधन, तयार होते. जोडीला शॉर्टवेव्ह बँड असलेला साधा ट्रान्झिस्टर रेडिओ घ्या, कोपऱ्यात धूळ खात पडलेला असला तरी चालेल. नॅनोव्हीएनए (फिल्टर-अँटेना तपासायचे छोटे यंत्र) किंवा आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला लावायचा रिसीव्हर) असेल तर काम सोपे होते, पण पहिल्या किटसाठी अट नाही.

सुटे भाग कमी पडले तर सोलापुरात रेझिस्टर, कपॅसिटर, एलएम ३८६ मिळून जाते. टोरॉइड (कॉइल गुंडाळायची कडी), एनपीओ (तापमानाने न सरकणारे) कपॅसिटर आणि खात्रीचा आयआरएफ ५१० (शेवटचा पॉवर ट्रान्झिस्टर) यासाठी हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाऊन तपकीर गल्ली किंवा हैदराबादला कोठीची गुजराती गल्ली गाठावी लागते, नाहीतर ऑनलाइन मागवा. आयआरएफ ५१० च्या नावाखाली भलताच मॉसफेट खपवला जातो, तेव्हा सर्वांत स्वस्त दिसेल तो घेऊ नका, आणि एकाऐवजी दोन घ्या. एनॅमल तार मात्र गावातच, मोटार रिवायंडिंगच्या कुठल्याही दुकानात वजनावर मिळते. २६ किंवा २८ गेज सांगा. या तारेचे एनॅमल चिवट असते, डाखणीच्या उष्णतेने जळत नाही. टोकाचा सेंटिमीटरभर भाग ब्लेडने सगळ्या बाजूंनी खरवडून, आधी वेगळा डाख चढवून, मल्टिमीटरवर सलगता तपासूनच कॉइल बोर्डात घाला. वरून चकचकीत दिसणारा आणि आत एनॅमलवर नुसता बसलेला डाख हे मुक्या रिसीव्हरचे सर्वांत नेहमीचे कारण आहे.

टोरॉइडवर थोडे थांबू, कारण नवशिक्याचा किट बहुतेक वेळा इथेच अडतो. तार भोकातून जितक्या वेळा जाते तितके वेढे. बाहेरून मोजायचे नाहीत, आतून मोजायचे. एकदाच आरपार ओवली तरी तो एक वेढा. इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून एका वेढ्याची चूक किरकोळ नसते. लाल रंगाच्या टी ३७-२ वर १६ वेढे घातले की सुमारे १.०२ मायक्रोहेन्री, १७ घातले की १.१६. म्हणजे १३ टक्क्यांचा फरक, आणि तेवढ्यात फिल्टर बँडबाहेर जातो. पिवळा टी ३७-६ आणि लाल टी ३७-२ यांची अदलाबदल केली तरी हेच होते. वेढे कड्याच्या साधारण तीन चतुर्थांश भागात सारखे पसरवा. नंतर दाबून जवळ आणले की इंडक्टन्स थोडा वाढतो, पसरवले की कमी होतो. ही तुमची शेवटच्या क्षणाची बारीक दुरुस्ती.

मिक्सरचे काळे फेराइट ट्रान्सफॉर्मर वेगळे. तिथे दोन तारा एकमेकींना पिळून एकत्र गुंडाळायच्या असतात. गुंडाळल्यावर चार टोके हातात येतात. सलगता तपासून पहिली तार कुठली, दुसरी कुठली हे ठरवा आणि पहिलीचा शेवट दुसरीच्या सुरुवातीला जोडा. तो झाला मधला टॅप. दोन्हींची सुरुवात एकत्र जोडलीत तर दोन्ही अर्धे एकमेकांना मारतात आणि मिक्सर काहीच करत नाही. गोंधळ टाळायचा तर दोन रंगांच्या एनॅमलच्या तारा घ्या. रिवायंडिंगवाल्याकडे फिकट आणि गडद अशा दोन्ही असतात.

बाकी भागांत डोळे उघडे ठेवायच्या जागा मोजक्याच. बीसी ५४७ च्या सपाट बाजूकडे पाहिले तर पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात. २एन ३९०४ मध्ये नेमके उलटे, एमिटर, बेस, कलेक्टर. एकाच्या जागी दुसरा वापरलात तर फिरवून बसवा. कपॅसिटरवरचा १०१ म्हणजे १०० पिकोफॅरड, १०२ म्हणजे १०००, १०४ म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड. पाच पट्ट्यांचे निळे रेझिस्टर ट्यूबलाइटखाली भल्याभल्यांना चकवतात. प्रत्येक रेझिस्टर मल्टिमीटरवर मोजूनच लावा, दहा सेकंद लागतात.

वीज द्यायची ती १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरच्या, यूपीएसमध्ये असते तसल्या बॅटरीने. स्वस्त एसएमपीएस अडॅप्टर ७ मेगाहर्ट्झवर इतका खरखराट करतो की रिसीव्हर बिघडलाय असे वाटावे. बॅटरीच्या प्लस तारेत १ अँपिअरचा फ्यूज आणि त्यापुढे दुचाकीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॅटचा बल्ब सीरिजमध्ये लावा. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पेटतो, बोर्ड वाचतो. रिसीव्हर व्यवस्थित असेल तर करंट २०० मिलीअँपिअरच्या आत राहतो आणि बल्ब जवळपास विझलेलाच दिसतो.

पहिला टप्पा ऑडिओचा. एलएम ३८६, स्पीकर आणि व्हॉल्यूम कंट्रोल जोडून वीज द्या. पाय क्रमांक ६ वर पूर्ण सप्लाय, ५ वर त्याच्या साधारण निम्मे, म्हणजे ६ व्होल्टच्या आसपास दिसले पाहिजेत. पाय ३ ला स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने स्पर्श केला की स्पीकरमध्ये घूं आवाज यावा. आला की हा टप्पा संपला. व्हॉल्यूम वाढवला की टुकटुक किंवा शिट्टी येत असेल तर ६ नंबरच्या पायाला अगदी लागून ४७० मायक्रोफॅरड लावा, आणि आउटपुटवरची १० ओहम व ०.०४७ मायक्रोफॅरडची जोडी विसरली नाही ना ते पाहा.

पुढे बीएफओ, म्हणजे एसएसबीतून आवाज परत मिळवून देणारा ऑसिलेटर. किटमध्ये १२ मेगाहर्ट्झची क्रिस्टल असतील तर शॉर्टवेव्ह रेडिओ बोर्डापासून हातभर अंतरावर ठेवून १२ मेगाहर्ट्झच्या आसपास फिरवा. ऑसिलेटर चालू असेल तिथे बँडवरचा खरखर एकदम दबतो. बोर्डाची वीज काढली की परत येतो. व्हीएफओचे, म्हणजे स्टेशन लावताना फिरणाऱ्या ऑसिलेटरचे, तसेच: ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ ऐकायला तो ५.० पासून ४.८ पर्यंत फिरला पाहिजे, कारण १२ मधून वजा होऊन ७ येतात. डिजिटल व्हीएफओ असेल तर फारशी कटकट नसते. कॉइल-कपॅसिटरचा असेल तर सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये तो दुपारभर सरकत राहणार. त्यातले कपॅसिटर एनपीओच हवेत आणि पेटी पत्र्याच्या छताखाली नको.

मग मिक्सर, क्रिस्टल फिल्टर आणि मधले अँप्लिफायर. प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या बेस आणि एमिटरमध्ये ०.६ ते ०.७ व्होल्ट आहेत का तेवढे आधी बघा. शून्य असेल तर बायस (ट्रान्झिस्टर चालू ठेवणारे स्थिर व्होल्टेज) पोचत नाही. एखाद-दोन व्होल्ट दिसत असतील तर ट्रान्झिस्टर उलटा बसला आहे किंवा गेला आहे. नवशिक्याचे निम्मे दोष एवढ्या एकाच मोजणीत पकडले जातात. क्रिस्टल किटमध्ये जुळवून दिलेली असतात, तेव्हा फिल्टरची चार आणि बीएफओचे एक यांची सरमिसळ होऊ देऊ नका.

आता बीएफओ नेमक्या जागी आणायचा. ४० मीटरवर लोअर साइडबँड, म्हणजे कॅरिअरच्या (मूळ वाहक लहरीच्या) खालची बाजू, चालतो, म्हणून या रचनेत बीएफओ फिल्टरच्या वरच्या कडेच्या थोडा बाहेर, साधारण ३०० हर्ट्झवर बसायला हवा. हे कानाने जमते, पण मोबाइलने अचूक जमते. ऑडिओ स्पेक्ट्रम दाखवणारे कुठलेही फुकट ॲप घ्या, अँटेनाच्या जागी पाचसहा मीटर तार लावा, बँडवरची मोकळी जागा पाहा आणि फोन स्पीकरसमोर धरा. खरखराटाचा उंचवटा ३०० हर्ट्झच्या आसपास सुरू होऊन २७०० च्या आसपास उतरला पाहिजे. तो शून्यापासूनच सुरू होत असेल तर बीएफओ फिल्टरच्या आत शिरला आहे: आवाज घोगरा येईल, स्टेशन दोन्ही बाजूंनी ऐकू येईल आणि पुढे ट्रान्समिट करताना कॅरिअर गळेल. ६००-७०० पासून सुरू होत असेल तर फार लांब गेला आहे, आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येईल. बीएफओचा ट्रिमर अगदी थोडा थोडा फिरवत उंचवटा जागेवर आणा आणि पुन्हा हात लावू नका.

डायल तपासायला वेगळे उपकरण लागत नाही. आपल्याकडे हौशी बँड ७.२०० ला संपतो आणि त्यावर रात्री परदेशी प्रसारण केंद्रे ५ किलोहर्ट्झच्या पटीत बसलेली असतात. त्यांचे कॅरिअर काटेकोर असतात. ७.२०५ किंवा ७.२१० वर असलेले केंद्र लावा. शिट्टी खाली उतरत शून्य होते तिथे डायल तोच आकडा दाखवतो का पाहा, नसेल तर सॉफ्टवेअरमधली दुरुस्ती करा. हे बीएफओ बसवल्यानंतरच, आधी नाही.

समोरचा बँडपास फिल्टर सर्वांत शेवटी. ७.१०० वर थांबा, प्लास्टिकच्या किंवा घासून चपट्या केलेल्या बांबूच्या काडीने ट्रिमर फिरवा. लोखंडी स्क्रूड्रायव्हरने फिरवलेत तर हात काढताच जागा बदलते. इथे एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. ट्रिमर पूर्ण एक फेरी फिरवताना खरखराट दोन वेळा वाढला तर कॉइल बरोबर आहे. एकदाच वाढला तर तुम्ही ट्रिमरच्या एका टोकाला अडकला आहात. पत्र्या पूर्ण एकमेकींवर असताना तो वाढत असेल तर कॉइल कमी पडते, वेढे जवळ दाबा किंवा एक वाढवा. पत्र्या पूर्ण उघड्या असताना वाढत असेल तर कॉइल जास्त आहे, वेढे पसरवा किंवा एक कमी करा. सगळे लागल्यावर अँटेना काढली-लावली की खरखराटात ठळक फरक पडला पाहिजे. फरक पडत नसेल तर अजून ट्रान्समिटकडे जाऊ नका.

ट्रान्समिटमध्ये पहिले काम कॅरिअर दाबणे. पीएची (पॉवर अँप्लिफायरची) सप्लाय तार सुटीच ठेवा, माइक काढा, पीटीटी (बोलण्यासाठी दाबायचे बटण) दाबा आणि शेजारच्या शॉर्टवेव्ह रेडिओवर तुमच्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल शोधा. बॅलन्स्ड मॉड्युलेटरचा प्रीसेट फिरवून तो कमीत कमी करा, मग ट्रिमरने आणखी कमी, मग पुन्हा प्रीसेट. तीनचार आलटूनपालटून फेऱ्यांनी तो जवळपास नाहीसा होतो. माइक साध्या इलेक्ट्रेट कॅप्सूलचा असतो. त्याच्या धातूच्या कवचाला जोडलेला पाय तो अर्थ. उलटा जोडला तर आवाज अगदी बारीक जातो आणि माणूस उगाच अँप्लिफायरमध्ये चूक शोधत बसतो.

आता आयआरएफ ५१०, म्हणजे तुमच्या ओळखीच्यांचा उडालेला ट्रान्झिस्टर. त्याची धातूची पाठ म्हणजे ड्रेन, तिथे १२ व्होल्ट असतात. हीटसिंकला लावताना मधे अभ्रकाची किंवा सिलिकॉनची चकती आणि स्क्रूला प्लास्टिकचा बुश हवाच. लावल्यावर पाठ आणि हीटसिंक यांत सलगता नाही हे तपासा. गेटला स्थिर विजेचे वावडे असते, म्हणून हात लावण्याआधी अर्थ केलेल्या धातूला स्पर्श करा आणि तो सर्वांत शेवटी जोडा.

तरी बहुतेक वेळा तो उडतो बायसमुळे. पीएची तार सुटी असतानाच पीटीटी दाबा, गेटवर व्होल्ट मोजत बायसचा प्रीसेट शून्यावर आणून ठेवा. किटमधला प्रीसेट मध्यावर आलेला असतो, आणि मध्य म्हणजे कदाचित पूर्ण चालू. आता डमी लोड लावा, पीएची तार मल्टिमीटरच्या अँपिअर रेंजमधून आणि त्याच बल्बमधून जोडा. माइक काढलेलाच राहू द्या. पीटीटी दाबून प्रीसेट केसभर केसभर फिरवा. बराच वेळ काहीच होत नाही, मग गेटवर तीन-साडेतीन व्होल्टच्या आसपास करंट एकदम उसळतो. या निर्जीव भागात कंटाळून हात जोरात फिरला की खेळ खलास. १०० मिलीअँपिअरवर थांबा. मिनिटभर दाबून ठेवा. हीटसिंक तापली की करंट वाढतो, कारण तापमानाबरोबर या मॉसफेटचा थ्रेशोल्ड खाली येतो. डिसेंबरच्या सकाळी लावलेले १०० मे महिन्याच्या ४२ अंशांत १०० राहत नाहीत. म्हणून बायस तापलेल्या हीटसिंकवर लावा, आणि किटबरोबर आलेली हीटसिंक बोटभर असेल तर तळहाताएवढी घ्या.

करंट स्थिर न राहता हात जवळ नेला की उड्या मारत असेल तर पीए स्वतःच ऑसिलेट होतो आहे. गेटच्या पायात फेराइट मणी किंवा १० ते ४७ ओहमचा रेझिस्टर घाला, तारा आखूड करा.

आता बल्ब काढा, फ्यूज ३ अँपिअरचा करा. फोनवर १ किलोहर्ट्झचा सूर वाजवून माइकसमोर धरा आणि पाचेक सेकंदच पीटीटी दाबा. डमी लोडवर डायोड आणि ०.०१ मायक्रोफॅरडने शिखर व्होल्टेज मोजा. त्यासाठी १एन ४१४८ वापरा, जर्मेनियम नको. मोजलेल्यात ०.६ मिळवा, वर्ग करा, १०० ने भागा: २६ व्होल्ट आले तर २६.६ चा वर्ग ७०८, म्हणजे ७ वॅट. १२ व्होल्टवर ५ ते ७ वॅट आले तर पुरे. दीड-दोनच येत असतील तर आउटपुटचा लो-पास फिल्टर बघा. नेहमीच्या सात घटकांच्या फिल्टरमध्ये टी ३७-६ वर २१, २४, २१ वेढे आणि २७०, ६८०, ६८०, २७० पिकोफॅरड असतात. कपॅसिटर एनपीओ नसून साधे सिरॅमिक असतील तर ते बोटाला गरम लागतात आणि पॉवर तिथेच जिरते. बोट लावायचे ते पीटीटी सोडल्यावर, आरएफचा चटका वाईट असतो.

अँटेनाचे थोडक्यात. ७.१ मेगाहर्ट्झसाठी डायपोल (मध्यातून केबल जोडलेली दोन बाजूंची तार) एकूण २०.१ मीटर. प्रत्येक बाजू आधी १०.४ मीटर कापून एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळली याचे माप) पाहत छाटत या. मध्य गच्चीवरच्या पाइपला आठ-दहा मीटर उंच आणि टोके उतरती ठेवली तर अडीचशे-तीनशे किलोमीटरवरची पुणे आणि हैदराबादची मंडळी दिवसा सहज येतात. महावितरणच्या तारांपासून अँटेना पडली तरी पोचणार नाही एवढे अंतर ठेवा, यात तडजोड नाही. पूर्व भागात यंत्रमागाच्या शेडजवळ राहत असाल तर खरखर जास्त असणारच, पण आधी स्वतःच्या घराची परीक्षा घ्या: बॅटरीवर ऐकत असताना घरचा मेन स्विच पाडा. खरखर निम्मी झाली तर दोष एलईडी बल्ब, इन्व्हर्टर नाहीतर गच्चीवरच्या सोलारचा आहे. गल्लीची लाईट जाते तेव्हा बँड कसा वाटतो तेही ऐकून ठेवा, तीच तुमच्या रिसीव्हरची खरी ताकद.

डमी लोडवर ठीक आणि अँटेना लावली की आवाज फाटतो, असे झाले तर आरएफ केबलच्या बाहेरून परत येऊन माइकमध्ये शिरते आहे. फीड पॉइंटजवळ (केबल अँटेनाला जोडते तिथे) कोॲक्स केबलचे १०-१२ वेढे मोठ्या फेराइट कड्यावर घाला आणि माइकच्या टोकांवर १ नॅनोफॅरड लावा. पहिल्या दिवशी कुणी आवाज पातळ आहे म्हणाले, तर लगेच बीएफओकडे धावू नका. तोंड माइकपासून किती लांब आहे ते आधी बघा. निदान तीन वेगवेगळ्या स्टेशनांनी तीच तक्रार केली तर पुन्हा फोनवर स्पेक्ट्रम उघडा आणि ३०० ची कड जागेवर आहे का तपासा.